त्रायमाणेचं गोत्र

मला धक्के सोसत नाहीत. जन्मभर मी ड्रॉइंग मास्तर. सुरई, आंबा, फार तर पोपट. उजेड डावीकडून आला तर सावली उजवीकडे पडावी, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा. अशा माणसाला देवानं काशीला, दुर्गाघाटावर, नेमक्या त्याच घरात सहा वर्षं बिऱ्हाड करायला का पाठवलं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्या घराच्या मालकांनी मला जितके धक्के दिले तितके नंतरच्या चाळीस वर्षांत सगळ्या जगानं मिळून दिले नाहीत. त्यातले शेवटचे दोन आठवले की हातातला चहाचा कप मी आजही खाली ठेवतो.

इंग्रजी अमलातली गोष्ट. साताऱ्याकडून निघून मी काशीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायला आलो होतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, रामघाट या बाजूला सगळी आपली मराठी मंडळी, वैदिकांची आणि उपाध्यांची घरं, तेव्हा जागा तिकडेच बघायची असं ठरवलं. गल्लीच्या तोंडाशी एक पानवाला होता. तो म्हणाला, "घासफूसवाले पंडितजी के यहाँ कोठरी खाली है. बाकी आदमी जरा..." आणि पुढचं न बोलता त्यानं कपाळाजवळ बोट गोल फिरवलं.

हे पंडितजी, म्हणजे पुढं माझे गुरुजी, चौकात वाळलेल्या काड्या-पानांच्या ढिगात बसले होते. साठीच्या आसपासचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी ढिगातला मुळाचा एक तुकडा उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"चघळा. गिळू नका."

नवख्या ठिकाणी नाही कसं म्हणायचं, म्हणून मी तो तोंडात घातला. इतकं कडू मी त्याआधी काही खाल्लं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. डोळ्यांतून पाणी आलं. गुरुजी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"कुठं लागलं? जिभेच्या टोकाला की मुळाशी?"

"मुळाशी," मी कसंबसं म्हणालो.

"लगेच की जरा थांबून?"

"थांबून."

"सही. राहा खुशाल."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, त्यांचं गोत्र तरी विचारा."

"ते मागाहून विचारू. आधी जीभ कशी आहे ते कळायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही चित्रं काढता म्हणालात ना? बघा, देवानंच पाठवलंय तुम्हाला." मला पळून जावंसं वाटलं होतं, पण काकूंनी तेवढ्यात गुळाचा खडा आणि पाणी आणून ठेवलं. मी राहिलो.

त्यांचा पिढीजात व्यवसाय तीर्थोपाध्येपणाचा. महाराष्ट्रातून यात्रेला येणारे यजमान त्यांच्या घरी उतरायचे. त्यांची गंगापूजा, श्राद्धं गुरुजी करायचे आणि मग वहीत त्यांचं नाव, मूळ गाव, गोत्र, वंशावळ उतरवून घ्यायचे. सात पिढ्यांच्या वह्या लाल कापडात बांधून माडीवर ठेवलेल्या होत्या. कुठं वारसाचा तंटा पडला की कोर्टात त्या वह्या साक्षीला जायच्या. त्यांचा गुरुजींना भारी अभिमान. "सात पिढ्या झाल्या मास्तर, आमच्या वहीत एक खोटी नोंद नाही," हे दिवसातून एकदा तरी ऐकायला लागायचं.

आणि या माणसाला वेड होतं एका फुलाचं. हिमालयात उंचावर एक निळं फूल उगवतं. काडेचिराईताची, म्हणजे किराईताची, डोंगरातली बहीणच म्हणा ना. बोटभर लांबीची निळी घंटा, तिच्या गळ्यात पांढरे ठिपके, जमिनीलगत अरुंद पानांचा झुपका, आणि मूळ कसं असतं ते मी चाखलंच होतं. वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांत तिचं नाव त्रायमाण. सायबाच्या पुस्तकात ती जेन्शियन. बाजारात त्रायमाण म्हणून जो तो वाटेल ते विकायचा आणि काशीतले वैद्य खरी कुठली यावरून एकमेकांच्या शेंड्या उपटायचे. गुरुजींनी ठरवलं होतं की ही वनस्पती कुठं कुठं उगवते आणि तिच्या जाती किती, याचा कायमचा निकाल आपण लावायचा.

निकाल लावायची त्यांची पद्धत बघून मी पहिल्यांदा खरा हादरलो. एका सकाळी कराडकडचे एक सावकार आपल्या पणजोबांचं नाव बघायला आले होते. गुरुजींनी वही काढून दिली. सावकारांनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"उपाध्येबुवा, आमच्या पणजोबांच्या खाली ही त्रायमाण कोण? ही आमच्यात कधी आली?"

मी डोकावून बघितलं. गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: त्रायमाण, गोत्र किराईत, शाखा केदारी, मूळ गाव श्रीकेदारक्षेत्र, आणणार अमुक अमुक मु. वाई, तिथी आश्विन वद्य पंचमी. त्याखाली टाचणीनं टोचलेलं काळपट निळं फूल. माणसाची वंशावळ लिहितात तशी पानंच्या पानं भरलेली होती. मध्ये जागा उरली की फूल, पुन्हा यजमान, पुन्हा फूल.

"ती तुमच्यात नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पान तेवढं कोरं होतं. कागद काय फुकट येतो?"

सावकार गेल्यावर मी भीत भीत म्हटलं की फुलांसाठी वेगळी वही घालता येईल. गुरुजींना ते पटलं नाही. ही वही कोर्टात चालते, म्हणाले, वेगळी वही केली तर तिला कोण विचारणार.

फुलं यायची ती यात्रेकरूंच्या हातून. काशी करून पुष्कळ यजमान पुढं बदरीकेदारला जायचे. हरिद्वारपर्यंत रेल्वे, मग महिनाभर पायी. गुरुजी प्रत्येकाला कागदाच्या चार घड्या द्यायचे आणि फूल कसं असतं ते तोंडपाठ करून घ्यायचे. जिथं तोडाल त्या जागेचं नाव कागदावर घाला, स्वतःला लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या, असं बजावायचे. पण फूल फुलतं पावसाळा सरल्यावर, आणि यात्रेकरू निघतात वैशाखात. मग हा उपाध्याय काय करायचा? वैशाखातले मुहूर्त खोटे पाडायचा. "चातुर्मास काशीतच काढा, पुण्य दुप्पट. भाद्रपदात निघा." बिचारी माणसं चार-चार महिने काशीत मुक्काम करायची. हे मला कळलं त्या दिवशी मी दोन घास कमी जेवलो. देवाधर्माच्या माणसानं फुलासाठी पंचांग वाकवावं?

याहून भयंकर म्हणजे एकदा घाटावर श्राद्ध चालू होतं. यजमानाच्या हातात पिंड, गुरुजींच्या तोंडात मंत्र. तेवढ्यात खालच्या पायरीला नाव लागली आणि तीतून बदरीहून परतलेलं एक जोडपं उतरलं. गुरुजी मंत्र अर्धा टाकून उठले.

"गुरुजी, पिंड..." यजमान म्हणाला.

"धरून ठेवा. पितर कुठं जात नाहीत," असं म्हणून ते पायऱ्या उतरले सुद्धा. तो माणूस हात पुढं करून उन्हात बसून राहिला. मी शाळेत जायला निघालो होतो, तिथंच थिजलो.

मला वाटायचं, एवढा ध्यास आहे तर स्वतः एकदा जाऊन का येत नाहीत. एक दिवस काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ते कसे जातील? आम्ही दोघांनी क्षेत्रसंन्यास घेतलाय ना. वीस वर्षं झाली."

काशीत मरेल तो सुटतो, त्याला पुन्हा जन्म नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मरण काही सांगून येत नाही. चार दिवस बाहेर गेलं आणि तिकडंच डोळे मिटले तर आयुष्यभराचा काशीवास पाण्यात. म्हणून काही लोक संकल्पच सोडतात की मरेपर्यंत पंचक्रोशीच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. दोघांनी तो एकत्र सोडला होता, एकाच पळीच्या पाण्यानं. गंगेच्या पलीकडच्या वाळूत सगळी काशी हवा खायला जायची. हे दोघं त्या काठावर सुद्धा पाय ठेवत नसत.

तेव्हा गुरुजींनी त्रायमाण जिवंत कधी पाहिलीच नव्हती. दोनशेच्या वर फुलं वहीत, पण सगळी मेलेली. त्यांवरून त्यांनी सिद्धान्त मांडला होता. त्रायमाणेच्या शाखा दोन. केदारी शाखा काळपट निळी, पाकळ्या एकमेकींना चिकटून नळी झालेली. बदरी शाखा फिकट, पाकळ्या मोकळ्या. आणि ती उगवते देवक्षेत्रांच्या भोवतीच, आडरानात नाही. मी या दोन्ही शाखांची मोठी रंगीत चित्रं काढली. केदारीसाठी निळ्यात काजळी मिसळायला लागायची. खोटं कशाला सांगू, चित्रं मला स्वतःला फार आवडली होती.

डोंगरातल्या एका सरकारी बागेत एक वनस्पती जाणणारा साहेब होता. त्याच्याशी गुरुजींचा पत्रव्यवहार चालायचा. गुरुजी मराठीत सांगायचे, मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचो. साहेबाचं उत्तर दर वेळी सभ्य आणि दर वेळी तेच: जात एकच आहे, उन्हाच्या गवताळ उतारावर खडकांच्या आधारानं उगवते, देवळांशी तिचा संबंध माझ्या पाहण्यात नाही. गुरुजी चिडायचे.

"लिहा त्याला मास्तर, की तू बदरीला गेला होतास का कधी?"

मी टाक थांबवून म्हटलं, "गुरुजी, तुम्हीही गेलेला नाहीत."

 त्यावर ते चष्मा काढून धोतराला पुसत राहिले. माझं बोलणं त्यांना इतकं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या सहाव्या वर्षी, श्रावण संपता संपता, रामघाटावर वैद्यांची आणि शास्त्र्यांची सभा ठरली. गुरुजी तिथं दोन शाखांचा सिद्धान्त मांडणार होते. वीस वर्षांचं काम एका दिवसात पारखलं जायचं होतं. काकूंनी त्यांचं उपरणं धुऊन ठेवलं. माझी चित्रं चौकटीत बसवून आली. आणि सभेच्या चार दिवस आधी वाईच्या एक विधवा बाई दाराशी आल्या. मागल्या वर्षी त्या बदरीकेदार करून आल्या होत्या. पण परतताना आजारी पडून हरिद्वारलाच राहिल्या, आता दक्षिणेत जायच्या आधी काशीत आल्या होत्या. कागदाची घडी त्यांनी वर्षभर जपली होती.

गुरुजींनी घडी उघडली. काळपट निळं फूल, कागदाला तेलकट डाग.

"केदारी," गुरुजी माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले. "आणखी एक. कुठं तोडलंत, बाई?"

"तोडलं होय? ते गुप्तकाशीच्या अलीकडं का पलीकडं, आता नेमकं नाही सांगता यायचं. चढावर होतं. तिथनं केदार दोन-तीन दिवस."

"मग कागदावर श्रीकेदारक्षेत्र लिहिलंय ते?"

"ते तिथल्या पंड्यानं लिहिलं. मला कुठं लिहिता येतं? देवाला वाहिलं, त्यानं कागदात घालून दिलं."

"वाहिलं?" गुरुजी म्हणाले.

बाई गोंधळल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. "म्हणजे काय, गुरुजी? देवाच्या वाटेवर फूल तोडायचं आणि देवाला न वाहता तसंच तुमच्या पोथीत आणून घालायचं? असं कोण करील? आम्ही सगळ्या बायकांनी वाहिलं. केदारनाथाला तूप चोळतात, त्यातच ठेवलं, मग प्रसाद म्हणून उचललं."

 मी कागदावरच्या डागाकडे बघत होतो. असले डाग मी दर वर्षी बघत आलो होतो आणि पुरीचं तूप असेल म्हणून सोडून देत आलो होतो. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याही घरात देवाला वाहिल्याशिवाय कुणी फूल डोक्यात माळत नसे. आमच्यातला एकही माणूस वेगळा वागला नसता, आणि म्हणूनच वीस वर्षांत हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. 

बाई गेल्या. गुरुजी माडीवर गेले ते त्या दिवशी खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. पाटावर एक फूल होतं, काळपट, पाकळ्या चिकटलेल्या.

"मास्तर, चित्रकाराच्या नजरेनं सांगा. कुठली शाखा?"

"केदारी," मी म्हणालो. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच.

"बदरीची आहे. वहीतली. काल हिनं तूप लावून उन्हात ठेवली."

मी ते फूल उचलून उलटसुलट करून बघितलं. गुरुजींचा आवाज मात्र अगदी साधा होता. बदरीला तूप नसतं, म्हणाले, तुळस आणि चंदन. चंदनानं सुकतं, फिकट पडतं. मग त्यांनी वहीतली फुलं एकेक करून नाकाशी धरली आणि माझ्याही नाकाशी धरली. केदारीला खवट वास होता, बदरीला चंदनाचा. वास इतका उघड होता की मला लाज वाटली.

आता जे सांगतो ते सांगायला नको वाटतं. मी म्हणालो, "गुरुजी, हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. सभेत कोण वास घेणार आहे?" नियमाचा माणूस मी, सावली चुकली तर पोराच्या हातावर पट्टी मारणारा. माझ्या तोंडून हे गेलं. माझा स्वतःचा मला इतका धक्का पुन्हा कधी बसला नाही. माझी दोन चित्रं वाया जाणार, हे त्या क्षणी माझ्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं.

गुरुजी रागावले नाहीत. "वहीत लिहिलंय ना मास्तर," एवढंच म्हणाले.

सभेला रामघाटावरचा मठ गच्च भरला होता. गुरुजी उभे राहिले. माझी चित्रं त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"वीस वर्षं मी त्रायमाणेचं वर्गीकरण करतोय असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "मी तुपाचं आणि चंदनाचं वर्गीकरण केलं. आणि ती कुठं उगवते म्हणून जे लिहिलं, ते ती कुठं वाहिली जाते याचं लिहिलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी सभा हसली. एक वृद्ध वैद्य, त्यांचे जुने प्रतिस्पर्धी, पोट धरून हसत होते. गुरुजी हसणं थांबेपर्यंत उभे राहिले आणि मग म्हणाले, "वहीत दोनशे खोट्या नोंदी आहेत. त्या दुरुस्त करायला मी येत्या भाद्रपदात निघतोय. तिथं जाऊन बघून येतो."

हसणं जे थांबलं ते थांबलंच. अध्यक्ष म्हणून बसलेले वैदिक म्हातारे होते, सगळ्यांना वडिलांसारखे. ते काठी टेकत उठले.

"काय बोलतोस तू? क्षेत्रसंन्यास आहे तुझा."

"आहे."

"तिकडं काही बरंवाईट झालं तर? या वयात? सगळं घालवशील. फुलासाठी?"

"फुलासाठी नाही," गुरुजी म्हणाले. "मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. आधी ठाऊक नव्हतं तेव्हा ठीक होतं. आता ठाऊक असून तसंच ठेवलं आणि इथं मेलो, तर मला सुटल्यासारखं वाटायचं नाही."

म्हाताऱ्यांनी त्यांना नाना परीनं समजावलं. दुसऱ्या कुणाला पाठव म्हणाले. त्यावर गुरुजींचं उत्तर होतं की वीस वर्षं दुसऱ्यालाच पाठवत होतो. मला आठवतं, परतताना गल्लीत लोक बाजूला सरकून आम्हाला वाट देत होते. घरात सुतक असलेल्या माणसाला देतात तशी.

मला वाटलं, काकू तरी अडवतील. वीस वर्षांपूर्वीच्या संकल्पात त्यांचाही हात होता. त्यांनी सातूचं पीठ दळलं, लाडू बांधले, लोकरीचे मोजे कुठून तरी मिळवले. निघायच्या दिवशी गुरुजी दारात उभे राहिले.

"मी जाऊ ना?" त्यांनी विचारलं. त्यांनी काकूंना काही विचारलेलं मी तेव्हाच ऐकलं.

"थंडीत आंघोळीचा हट्ट नको," काकू म्हणाल्या. "आणि फुलाला हात लावायच्या आधी नीट बघून घ्या."

मी त्यांना एक्क्यातून स्टेशनवर पोचवलं. वाटभर ते पोरासारखे इकडंतिकडं बघत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी काशीच्या दिशेला हात जोडले. मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

दिवाळी होऊन गेली. कार्तिकात कोल्हापूरकडचा एक यजमान आला. दारातच त्यानं पागोटं काढलं, तेव्हा मी काय ते समजलो. परतीच्या वाटेवर एका चट्टीवर, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपडीत, गुरुजींना गारठ्याचा ताप भरला. तिसऱ्या दिवशी संपलं. त्यांना तिथंच नदीकाठी अग्नी दिला. त्यानं माझ्या नावाची चिठ्ठी पुढं केली. मी ती काकूंपुढं मोठ्यानं वाचली, कारण त्यांनीच तसं सांगितलं.

"चि. मास्तर यांस आशीर्वाद. त्रायमाण पाहिली. देवळापासून बरीच दूर, उन्हाच्या उतारावर, खडकाच्या फटीत. केदारच्या वाटेवरची मुळासकट ओल्या फडक्यात घेऊन बदरीच्या वाटेला गेलो आणि तिथलीच्या शेजारी ठेवली. एकच आहे. शाखा वगैरे काही नाही. सायबाला कळवा की त्याचं बरोबर होतं. वहीतल्या दोनशे नोंदींवर काट मारा आणि खाली लिहा, उपाध्यायाची चूक. ढग आला की फूल मिटतं, ऊन पडलं की उघडतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवसभर तेच बघत बसलो."

 जन्माची कमाई, मोक्षाची हमी, सगळं उधळून हा माणूस गेला कशाला, तर दुसऱ्याचं बरोबर आणि आपलं चूक एवढं लिहायला. आजही मला ते झेपत नाही. गल्लीत जो तो हळहळत होता. जरा थांबले असते तर सुटले असते, आता पुन्हा जन्माच्या फेऱ्यात, असं दबक्या आवाजात सगळे म्हणत. काकूंच्या कानावर ते येतच असणार.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. वह्या मी दुरुस्त केल्या का ते विचारलं. केल्या म्हटलं. मग म्हणाल्या, "मास्तर, एक काम करा. झाशीचं एक टिकट काढून आणा. लेक आहे तिथं."

मला वाटलं दुःखात त्यांना भान राहिलं नाही. "काकू, तुमचाही क्षेत्रसंन्यास आहे. काशी सोडून कशा जाणार? आता या वयात तिकडं काही झालं तर..."

"तिकडंच व्हायला पाहिजे," काकू म्हणाल्या.

 त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्या अगदी नेहमीसारखं, तांदूळ किती आणायचे ते सांगावं तशा बोलत होत्या.

"मी इथं मेले तर सुटेन. पुन्हा जन्म नाही. ते बाहेर गेले, त्यांना परत यायचंय. मी सुटून काय करू? ते येतील तेव्हा मी कुठंतरी असायला नको का?"

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. खिडकीतल्या बाबूला झाशी म्हणून सांगितलं. त्यानं वर न बघता विचारलं, "वापसी भी?"  मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.